तारीख हलत नाही, तर गाव हलवू

शनिवार

आमच्या ऑफिसातल्या जर्मन लोकांना आशिया म्हणजे थायलंड, व्हिएतनाम, बाली. आम्हाला आशिया म्हणजे कोथरूड. वर्षभर रजा साठवायची, दोन मोठ्या बॅगा चॉकलेटं आणि बदामांनी भरून न्यायच्या, परत येताना त्याच बॅगांतून गोडा मसाला, मेतकूट आणि बाकरवडी आणायची. तक्रार नाही. पण म्युनिकला राहायला येऊन एवढी वर्षं झाली, दरवर्षी निम्मं जग ओलांडून जातो आणि मधलं काहीही बघत नाही, हे नवऱ्यालाही खटकतं आणि मलाही.

या वेळी सुरुवात बाबांनी केली. फोनवर म्हणाले, "अगं, तुम्ही येता आणि घरातच बसता. सगळ्यांना भेटण्यात पंधरा दिवस संपतात. आम्हालाही कुठंतरी न्या की!" आई मागून म्हणाली, "त्यांचं ऐकू नकोस, तुम्ही या फक्त." पण तिचा आवाज काही फार ठाम नव्हता.

तर ठरलं असं की वाटेतच कुठंतरी भेटायचं आणि मग सगळ्यांनी मिळून पुण्याला जायचं. नवऱ्याचं मत अर्थातच जपान. ते लगेच बाद झालं. २०२२ पासून युरोपातल्या विमान कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, त्यामुळे जपानचा प्रवास वळसा घेऊन तेरा-एक तासांवर गेलाय. त्यात आमची सुट्टी मार्चअखेर, म्हणजे चेरीचा बहर, हॉटेलांचे दर आकाशाला भिडलेले. शिवाय आईबाबांसाठी व्हिसाची फाइल तयार करायची. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला, मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तास, म्युनिकहून थेट विमान अकरा तासांच्या आसपास. बँकॉकवर एकमत झालं. नवरा म्हणाला, "ठीक आहे, पण जपान राहिलंय हे लिहून ठेव." लिहिलंय.

रविवार

स्वस्त तिकिटाबद्दल कुणालाही विचारा, पहिला सल्ला एकच: तारखांच्या बाबतीत लवचिक राहा. हा सल्ला देणाऱ्याला शाळेत जाणारं मूल नसतं, हे मी पैजेवर सांगते.

बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथं, ईस्टरची सुट्टी दोन आठवडे. ती सुरू होते त्या शुक्रवारी दुपारी अख्खं राज्य एकदम विमानतळाकडे निघतं. दोन दिवस आधी मुलीला काढून न्यावं, तर इथं तेही जमत नाही. शाळा बुडवणं हा दंडाचा विषय आहे. २०१८ मध्ये मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी सुट्टीआधीच निघालेली शाळकरी मुलं हेरून आईबापांविरुद्ध सरकारी कार्यालयात अहवाल पाठवले होते. आपल्याकडे "लग्नाला गेली होती" एवढ्या चिठ्ठीवर भागायचं, ते आठवून हसू येतं.

'मंगळवारी तिकीट काढा, स्वस्त पडतं' हेही ऐकून झालं. माझ्या मते त्यात तथ्य नाही. काढण्याच्या वारापेक्षा उडण्याच्या वारानं फरक पडतो, आणि तो वार आमच्या हातात नाही. तसंच ते ब्राउझरच्या गुप्त खिडकीत शोधायचं. आपण दोनदा बघितलं म्हणून भाव वाढत नाही. मधल्या वेळात कुणीतरी स्वस्त जागा घेतलेली असते.

म्हणजे तारीख हलत नाही. मग हलवता येण्यासारखं एकच उरतं, गाव. निघायचं कुठून, उतरायचं कुठं, परत यायचं कुठून.

आज दुपारभर तेच केलं. आधी निघायचं गाव. जर्मनीतून उडणाऱ्या प्रत्येक तिकिटावर सरकारी कर असतो. १ मे २०२४ ला तो वाढला आणि सहा हजार किलोमीटरपलीकडच्या प्रवासाला माणशी ७०.८३ युरो झाला. तिघांचे झाले दोनशेच्या वर. व्हिएन्नाहून निघालं तर माणशी १२ युरो, झुरिकहून असा करच नाही. नवऱ्यानं लगेच एक्सेल उघडलं. (हा माणूस भाजी आणायलाही एक्सेल उघडेल.) व्हिएन्नाला रेल्वेनं चार तास. गाडी चुकली तर विमान गेलं, कारण दोन्ही तिकिटं वेगळी. म्हणून आदल्या दिवशी जायचं, म्हणजे हॉटेल आलं, रात्रीचं जेवण आलं. कर वाचवला तो हॉटेलवाल्याला दिला. एकटी असते तर पाठीला सॅक लावून रात्रीची बस धरली असती. सात वर्षांची मुलगी आणि तीन बॅगा घेऊन नाही. म्युनिकच बरं.

मग परतीचं गाव. इथं मात्र गाठ सुटली. म्युनिक-बँकॉक-म्युनिक असं परतीचं तिकीट काढून मध्ये पुण्याला जाऊन पुन्हा बँकॉकला यायचं, हा शुद्ध वेडेपणा. दोन एकेरी तिकिटं काढावीत तर मोठ्या कंपन्या एकेरीचे भाव असे लावतात की परतीचंच स्वस्त वाटावं. पण शोधताना 'मल्टी-सिटी' निवडलं आणि जाताना म्युनिक-बँकॉक, येताना मुंबई-म्युनिक असं एकाच तिकिटावर टाकलं, की साधारण दोन्ही परतीच्या भाड्यांचा निम्मा-निम्मा हिशोब लागतो. नऊशे युरोंच्या थोडं वर, माणशी. दरवर्षी याच सुट्टीत नुसतं मुंबईला जाऊन यायलाही जवळपास एवढेच मोजतो! मधला बँकॉक-मुंबई तुकडा स्वस्तातल्या कंपनीचा, पाचही जणांनी एकाच विमानानं. आईबाबांचं मुंबई-बँकॉक-मुंबई साधं परतीचं. एकदम गणित बसलं.

आखातात थांबणारं सातशेच्या आसपासचंही एक होतं. मधला थांबा तेरा तास, तोही रात्रीचा. दोनशे युरोंसाठी लेकीला विमानतळाच्या खुर्चीवर झोपवायची माझी तयारी नाही. नवऱ्याची होती, पण त्याला विचारलं नाही.

सोमवार

आज एक गंमत कळली, ती लिहून ठेवते, पुढच्या वर्षी विसरायला होतं.

तिघांसाठी शोधलं तर माणशी ९७८ युरो. सहज म्हणून प्रवासी एक केला तर ९०२. दोन केले तरी ९०२. तीन केले की परत ९७८. विमानातल्या सगळ्या इकॉनॉमी सीटा दिसायला सारख्या, पण त्यांच्या आत भाड्याचे कप्पे असतात. स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही तीन मागितल्या, तर तिघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लागतो. तुम्ही मागितलेल्या सगळ्या जागा एकाच कप्प्यात मिळायला हव्यात, असा तो हिशोब.

मग मी आणि लेक एका बुकिंगवर, नवरा दुसऱ्यावर. १५२ युरो वाचले. "म्हणजे मी वरच्या भाड्यात?" असं त्यानं विचारलं, तेव्हा त्याला सांगितलं की सीट तीच, जेवण तेच, फक्त मान जास्त. यात एक धोका आहे. विमान रद्द झालं किंवा बदललं तर दोन बुकिंगांना कंपनी वेगवेगळं पाठवू शकते. म्हणून फोन करून दोन्ही बुकिंगांवर एकमेकांचे नंबर नोंदवून घेतले. फोनवरच्या बाईंना हे नवीन नव्हतं.

तिकीट थेट कंपनीकडूनच काढलं. एका मध्यस्थ पोर्टलवर माणशी पंचवीस युरो कमी दिसत होते. पण आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाचं मागे असंच विमान रद्द झालं तेव्हा कंपनी म्हणे पोर्टलला विचारा, पोर्टल म्हणे कंपनीला विचारा. पैसे मिळेपर्यंत त्यांच्या सुट्टीचा टॅनसुद्धा उतरला. थेट तिकिटाचा आणखी एक फायदा म्हणजे युरोपातून निघणारं विमान कंपनीच्या चुकीनं फार उशिरा पोचलं तर एवढ्या लांबच्या प्रवासाला माणशी सहाशे युरोंपर्यंत भरपाईचा कायदा आहे, आणि तो दावा मध्ये कुणी नसताना करणं सोपं जातं.

जेवणाचंही आजच नोंदवलं. इथं आपले लोक हमखास फसतात. 'हिंदू मील' म्हटलं की शाकाहारी असेल असं वाटतं, पण त्यात कोंबडी किंवा मटण असू शकतं, गोमांस मात्र नसतं. आपल्याला हवं ते 'एशियन व्हेजिटेरियन', कोड एव्हीएमएल. आईबाबांच्या स्वस्तातल्या विमानात जेवण विकतच घ्यावं लागतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरंच झालं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून घेते. तुम्हा तिघांसाठीपण आणते." बँकॉकच्या विमानतळावर पहाटे सहाला दशमी. यातही मजा आहे.

बुधवार

आईबाबांचं तिकीट बघायला बसले आणि बँकॉकला दोन विमानतळ आहेत हे वेळेवर ध्यानात आलं. आमचं विमान उतरणार सुवर्णभूमीला. मुंबईहून जाणाऱ्या स्वस्त विमानांपैकी काही उतरतात डॉन म्युआंगला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. यादीत सगळ्यात वर तेच होतं, दोन हजार रुपयांनी कमी. सत्तरीच्या दोन माणसांना पहाटे अनोळखी शहरात टॅक्सी करून चाळीसेक किलोमीटर या म्हणून सांगायचं? सुवर्णभूमीचंच घ्यायचं, असं बाबांना कळवलं.

बाबांना तो विमानतळ नावापासूनच आवडला. संध्याकाळपर्यंत त्यांनी शोधून काढलं की तिथं समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. वासुकीची दोरी, एकीकडे देव, एकीकडे दानव. "आपण त्याच्याखालीच भेटू," म्हणाले. ते निघणाऱ्या प्रवाशांच्या बाजूला, इमिग्रेशनच्या आत आहे, येणाऱ्याला तिथं जाता येत नाही, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी तह झाला. भेटायचं सामानाच्या पट्ट्याजवळ, मंथन परतीच्या दिवशी.

बाकी बेत बाबांनीच हातात घेतलाय. चियांग माई मी आधीच खोडलं, कारण मार्च-एप्रिलला तिकडे शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर असतो आणि बाबांना दम्याचा त्रास. त्याऐवजी बँकॉक, एक दिवस आयुत्थया ही जुनी राजधानी, आणि शेवटी हुआ हिनला समुद्रावर आराम. आयुत्थया १७६७ मध्ये बर्मी फौजांनी जाळलं, हे वाचल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे पानिपतानंतर सहा वर्षांनी!" आता दुसऱ्या कुठल्याही माहितीची त्यांना गरज नाही.

उन्हाची भीती मी आईला घातली. एप्रिलात बँकॉकला छत्तीस-सदतीस डिग्री, वर दमटपणा. आई मूळची अकोल्याची. "छत्तीस?" एवढंच म्हणाली आणि विषय बदलला.

लेकीला फक्त आंब्यात रस आहे. तिकडे चिकट भाताबरोबर नारळाचं दूध घालून आंबा देतात आणि त्याचा हंगाम ऐन तेव्हाच. आठवड्यानं पुण्यात हापूस. बाबांचा निकाल आंबा न खाताच लागलेला आहे, त्यावर अपील नाही.

शुक्रवार

बॅगांचा हिशोब. म्युनिकच्या तिकिटावर माणशी २३ किलो, मधल्या बँकॉक-मुंबई तुकड्यावर २० किलो, हातातली ७. म्हणजे भरायचं सगळं २० च्या हिशोबानं, नाहीतर बँकॉकच्या काउंटरवर चॉकलेटांच्या किमतीएवढेच पैसे त्यांच्या वजनाचे द्यायचे. जादा वजन लागणार असेलच तर तिकिटाबरोबरच घ्यावं, काउंटरवर ते कितीतरी महाग पडतं. या वर्षी मामेबहिणींना चॉकलेटं कमी मिळणार. सासूबाईंना नाशिकला तीन दिवस देणार आहे, तिथं मात्र कपात नाही.

थायलंडला जाणाऱ्यांना १ मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचं एक डिजिटल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या डुप्लिकेट साइट्स शोधात वर येतात, म्हणून आईबाबांचंही मीच भरणार. बाबांना निक्षून सांगितलंय, कुठल्याही लिंकवर बँकेच्या कार्डाचा नंबर टाकायचा नाही.

सगळं झालं असं वाटत असतानाच मी दोघांच्या पासपोर्टांचे फोटो मागवले. आईचा व्यवस्थित. बाबांचा जुलैत संपतोय. प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक हवी, नाहीतर मुंबईच्या काउंटरवरूनच परत पाठवतील. "अगं, पण एप्रिलला तर चालू आहे ना?" बाबा. मग पुन्हा समजावणं. तिकीट जुन्या पासपोर्टावर काढून नंतर नंबर बदलता येतो, पण नवा हातात आल्याशिवाय मला धीर नाही. भाडं थोडं वाढलं तर वाढलं.

आत्ता अपॉइंटमेंट घेऊन दिली. मंगळवार सकाळ, मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र. जुना पासपोर्ट, आधार, दोन्हींच्या झेरॉक्स. बाबा म्हणाले, दहाची वेळ आहे म्हणजे आठला निघायला हवं. आईचा आवाज आला, "साडेसातला निघा, आणि येताना मंडईतून कैऱ्या आणा."