पासष्ट हजारांचा हप्ता

शनिवार, रात्री

बँकेतून दुपारी परतले, तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर एकच हिशेब तिसऱ्यांदा मांडते आहे. लंडनच्या विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या एक वर्षाच्या एम.ए.साठी प्रवेश देऊन सहा आठवडे होत आले. माझी आणि बाबांची शिल्लक घातली, तरी ४० लाखांचे कर्ज काढावे लागेल. शाखाधिकाऱ्यांनी साडेदहा टक्के व्याजदर सांगितला. शिक्षणाचे वर्ष आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरायचा नाही, हे ऐकून आईला हायसे वाटले. पण व्याजाला अशी सुट्टी नसते. ते पहिल्या दिवसापासून चढते आणि तेव्हा भरले नाही, तर दोन वर्षांत सुमारे ८ लाख मुद्दलात मिसळून कर्ज ४८ लाखांवर जाते. १० वर्षांची मुदत घेतली, तर महिन्याचा हप्ता ६५,००० च्या घरात येतो आणि परतफेड एकूण ७७ लाखांच्या पुढे. आज पुण्यात माझ्या हातात ३८,००० पडतात.

साडेसात लाखांपुढच्या कर्जाला तारण लागते, म्हणजे साताऱ्याचे घर. बाबा शांतपणे म्हणाले, "घर तुझंच आहे, तारण पडलं म्हणून काय बिघडलं?" मी उत्तर दिले नाही. निवृत्त शिक्षकाने निवृत्तिवेतनाच्या जोरावर सहकर्जदार म्हणून सही करायची, या कल्पनेनेच मला घशाशी काहीतरी अडकल्यासारखे झाले. मात्र ती भावना हिशेबाच्या कोणत्या रकान्यात लिहावी, ते कळत नाही.

हिशेब प्रामाणिकपणे करायचा, तर लंडनमध्ये नोकरी लागली की हप्ता फिटू शकतो, हेही लिहायला हवे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तिथे दोन वर्षांऐवजी १८ महिनेच राहता येणार आहे, आणि माझा अभ्यासक्रम त्यानंतरच संपणार आहे. तेवढ्या काळात व्हिसा पुरस्कृत करणारा मालक मिळवावा लागेल, त्याने सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड आणि नवख्यांच्या सवलतीत बसले तर किमान ३३,४०० पौंड द्यायला हवेत. काटकसरीने राहिले, तर ३३,४०० मध्येही हप्ता निघेल. अडते ते निराळ्याच ठिकाणी.

एवढा पगार आणि व्हिसा देणारे मालक बहुधा मोठ्या बँकांचे, आंतरराष्ट्रीय निर्बंध पाळले जातात की नाही हे पाहणारे विभाग किंवा सल्लागार कंपन्या असतील. ती कामे वाईट नाहीत, परंतु त्यांच्यासाठी मी घर तारण ठेवीत नाही. ज्या कामांसाठी ही पदवी घ्यावीशी वाटते, त्यांपैकी ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याची दारे ब्रिटिश नागरिकांनाच खुली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिपला मानधन नसते. प्रवास आणि निवासही पदरचाच. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या एका तरुणाने अशाच बिनपगारी कामासाठी जिनिव्हात तंबूत मुक्काम ठोकल्याची बातमी जगभर झाली होती. त्याने या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठीच ते केल्याचे पुढे सांगितले, म्हणून प्रश्न खोटा ठरला नाही. दिल्लीतील एका अभ्यास संस्थेत काम करणाऱ्या मैत्रिणीला ५५,००० मिळतात. तिचा अख्खा पगार दिला, तरी माझा हप्ता पुरा होत नाही. भारतीय विदेश सेवेत नव्याने लागणाऱ्या अधिकाऱ्याचे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतनसुद्धा ५६,१०० आहे. (भत्ते वेगळे, हे मान्य, आणि तिथे जायला कोणत्याही शाखेची पदवी चालते, हेही बाबांनी आज दोनदा ऐकवले.) म्हणजे ज्या कामासाठी कर्ज काढायचे, ते काम हे कर्जच मला करू देणार नाही. परत आले, तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट मिळेल, पण तीही जुनी कररचना स्वीकारली तरच, आणि ८ वर्षेच.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विचार मी इतके दिवस नाक मुरडून बाजूला ठेवला होता. तिथला आंतरराष्ट्रीय अध्ययन विभाग १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाला आणि १९७० मध्ये विद्यापीठात आला. आजचे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांची पीएच.डी. तिथलीच. शिकवणीचे वार्षिक शुल्क काहीशे रुपये. नाक मुरडण्यामागे अभ्यासक्रमाचा दर्जा किती आणि "लंडनला चालले" असे सांगण्याची हौस किती, हे आज स्वतःला विचारले. हौसेचा वाटा थोडाथोडका नव्हता.

तरीही लंडन मनातून जात नाही. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो आणि माझे ते तास मे महिन्यात पूर्ण होतात. शुल्क, निर्वाह आणि प्रवास त्यातून भागतो. शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. गेल्या वर्षी ही अट मला जाचक वाटली होती. हप्ता नसताना ५५,००० ची दिल्लीतील नोकरी कशी दिसते, ते आज मांडून पाहिले, तेव्हा तीच अट सोयीची वाटू लागली. शिष्यवृत्ती हजारो जण मागतात, त्यामुळे पुढच्या वर्षी नेहरू विद्यापीठातील प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेचा अर्जही भरायचा.

प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती करणारे पत्र विद्यापीठासाठी लिहून ठेवले आहे. अनामत भरण्याची मुदत गुरुवारी संपते. बाबांनी घराचे मालमत्ता पत्रक कपाटातून काढून टेबलावर ठेवले आहे. सकाळी चहाच्या वेळी त्यांना आधी हे पत्र वाचून दाखवीन.