मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, सारंगखेडा

इथल्या घोडेबाजारातल्या स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. आधी तेवढं लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

दत्तजयंतीला एकमुखी दत्ताला नारळ फोडून आम्ही तापीकाठी ठाण धरलं. मामांची अदंत बछेरी. घरी आम्ही शिंगरूच म्हणतो, पण या बाजारात पाय ठेवला की मारवाडी-काठियावाडी घोडेवाल्यांचे शब्द तोंडात बसतात. अदंत म्हणजे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत, वय अडीच वर्षांच्या आत. रंग कुमैत, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपूट, खांद्यापाशी 58 इंच, कानांची टोकं वर एकमेकांना टेकतात. गळ्यावर देवमणी, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा आहे, म्हणून मामांना ती विकायची घाई नाही.

काल रात्रीचा शहाणपणा माझा. उद्या स्पर्धेत चमकली पाहिजे म्हणून हातावर खोबरेल घेऊन तिच्या अंगभर फिरवलं. बल्बच्या उजेडात अशी तकतकली की चार फोटो काढले. पण हे मैदान म्हणजे नुसता फुफाटा. सकाळी बघतो तर सगळी धूळ तेलावर बसून कुमैत बछेरी मातकट झालेली. मामा म्हणाले, "भजी तळायची होती का रे तिची?"

मग धावपळ. थंडी मरणाची, आणि ओलं जनावर वाऱ्यावर उभं करायचं नाही हा मामांचा कडक नियम. ऊन वर येईपर्यंत थांबलो, दोन बादल्या पाणी कोमट केलं, शिकेकाईने धुतली. अंग सुकल्यावर मानेपासून खाली केसांच्या कलाने खरारा, शेवटी सुती फडकं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या ओल्या कापडाने पुसल्या. शेपटीचा गुंता बोटांनीच सोडवला. घाईत कंगवा चालवला की केस तुटून हातात येतात. एवढं करून पुकारा झाला तेव्हा माझाच सदरा ओला होता.

महिनाभर खळ्यावर सराव केला होता. चार पावलं चालवायचं, थांबवायचं, पुढचे पाय सरळ, मागचे किंचित पुढेमागे, म्हणजे बाजूने बघणाऱ्याला चारही पाय दिसतात. खळ्यावर शांतता, इथे लाउडस्पीकर आणि ढोल. तरी बिचारीने पाय अगदी बरोबर टाकले. माझं लक्ष त्या पायांतच अडकलं. परीक्षक समोरून वळून या बाजूला आले, तेव्हा मी पलीकडे सरकायला हवं होतं. मान वर केली तर ते माझ्या खांद्यावरून वाकून तिची छाती बघायचा प्रयत्न करत होते. दचकलो, दोरी ओढली गेली, तिने मान झटकली, एक पाऊल मागे. संपलं.

शेजारी सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. घोडीच्या तोंडावरच्या मोरखीची दोरी सैल, नजर परीक्षकांवर. ते इकडे आले की हा तिकडे, कुठेही घाई नाही. मधेच खिशातली प्लॅस्टिकची पिशवी हळूच चुरगळायचा, की त्याच्या घोडीचे कान ताठ. मी मात्र खिशात रुमाल घेऊन गेलो होतो.

बाहेर आल्यावर मामा एवढंच म्हणाले, "परीक्षकांनी तुझा सदरा मात्र नीट बघितला."

संध्याकाळी तिला अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढच्या-मागच्या दोऱ्या, लावून कडबा टाकला आणि चहाला गेलो. परत आलो तर एक फेटेवाले व्यापारी तिच्यासमोर उभे. बछेरी खाता खाता चारही पाय मोकळे टाकून अशी उभी होती, की सकाळी दहा मिनिटं ती तशी राहिली असती तर! त्यांनी ओठ उचलून दात पाहिले, गळ्यावरचा भोवरा बोटाने चाचपला आणि मामांकडे हात पुढे केला. मामांनी उपरणं टाकलं. दोघांचे हात त्याखाली, भाव बोटांच्या खुणांनी, तोंडाने एक शब्द नाही. बऱ्याच वेळाने व्यापाऱ्यांनी हात काढून घेतला, मान हलवली आणि "उद्या येतो" म्हणून गेले.

मामांनी बोटांनी काय आकडा सांगितला, ते मी दोनदा विचारलं. ते विडी ओढत बसलेत.