सही केली का त्याने?

२०२४ च्या अनंत चतुर्दशीला मी गाडी चालवत होतो. १७ सप्टेंबर, मंगळवार. ओहायोहून वॉशिंग्टन, साडेसहा-सात तासांचा रस्ता, शेजारी आमच्या लॉजचा ट्रेझरर आणि मागच्या सीटवर पाय आडवे टाकून चौऱ्याहत्तर वर्षांचा एक रिटायर्ड सार्जंट, ज्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. त्याच्या मांडीवर झिपवाली प्लास्टिकची पिशवी, आपण डब्यात सँडविच घालायला वापरतो तसली, आणि त्यात सोशल सिक्युरिटीकडून, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेकडून, आलेलं पत्र. सात तासांत त्याने ती पिशवी एकदाही खाली ठेवली नाही, कॉफी पिताना पण नाही.

लॉज म्हणजे आमच्या युनियनची लोकल शाखा. फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस. १९१५ साली पिट्सबर्गमध्ये दोन साध्या गस्तवाल्या पोलिसांनी काढली आणि तेव्हा युनियन शब्द उच्चारला की वरचे बिथरायचे म्हणून मुद्दाम हे भाऊबंदकीछाप नाव ठेवलं (मराठीत भाऊबंदकीचा अर्थ वेगळा होतो ते माहितीये, पण मीटिंगा बघितल्या तर तोही चालेल). आज साडेतीन लाखांच्या वर मेंबर आहेत. आणि हो, युनियन म्हणजे सगळं गोड असं नाही, माझी मुलगी कॉलेजात आहे, ती तोंडावर म्हणते की बाबा तुमची युनियन नको त्या लोकांना पण पाठीशी घालते, आणि दरवेळी तिला उत्तर देता येतंच असं नाही. पण हा विषय तो नव्हता, हा पेन्शनचा होता.

आता मी पोलिसात कसा, तर एमएस करायला आलो, दहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, बायको इथलीच त्यामुळे सिटिझनशिप झाली, आणि चौतिसाव्या वर्षी सगळं सोडून अकॅडमीत गेलो कारण आमच्याकडे पस्तिशीनंतर घेत नसत. आईने आठवडाभर फोन घेतला नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "आमच्यात एक तरी सुटला वाटलं होतं." अण्णा मुंबई पोलिसात हवालदार होते.

ओहायोत पोलीस सोशल सिक्युरिटीत पैसे भरत नाहीत. पगारातले सव्वाबारा टक्के वेगळ्या पोलीस-फायर पेन्शन फंडात जातात. इथपर्यंत ठीक. पण माझी सॉफ्टवेअरची दहा वर्षं सोशल सिक्युरिटीत भरलेली आहेत, सार्जंटने पोलिसात यायच्या आधी बारा वर्षं ट्रक चालवला आणि रिटायर झाल्यावर हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला, ते पैसे पण तिथेच. तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे तुम्हाला अशी दुसरी सरकारी पेन्शन असेल तर तुमच्या हक्काच्या सोशल सिक्युरिटीला कात्री लागायची. सार्जंटची महिन्याला चारशे डॉलरहून जास्त जात होती. नवरा किंवा बायको गेल्यावर मिळणारा भाग तर आणखी वाईट, त्याचा कायदा १९७७ चा, स्वतःच्या सरकारी पेन्शनच्या दोन तृतीयांश एवढी रक्कम त्यातून वजा करायची. म्हणजे पेन्शन तीन हजार असेल तर दोन हजार वजा, आणि नवऱ्याच्या नावचे मिळणार होते अठराशे, तर हातात शून्य. पोलीस, फायरवाले, शिक्षक मिळून अठ्ठावीस लाखांच्या वर लोक यात अडकलेले.

हे रद्द करायचं बिल होतं एचआर ८२, सोशल सिक्युरिटी फेअरनेस ॲक्ट. असली बिलं वर्षानुवर्षं येतात आणि कमिटीत कुजतात. यावेळी लुइझियानाचे रिपब्लिकन गॅरेट ग्रेव्ह्ज आणि व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅट ॲबिगेल स्पॅनबर्गर दोघांनी मिळून डिस्चार्ज पिटीशन आणलं. हाउसमधल्या, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या खालच्या सभागृहातल्या, ४३५ पैकी २१८ जणांनी सही केली की कमिटीच्या डोक्यावरून बिल थेट सभागृहात. दोघंही पुन्हा हाउसला उभे राहणार नव्हते, आणि माझ्या मते त्यांना हिंमत झाली ती त्यामुळेच.

आणि इथेच खरी गंमत. बिलाचे को-स्पॉन्सर, म्हणजे बिलाला आपलं नाव देऊन पाठिंबा देणारे सदस्य, तीनशेच्या वर होते! मग २१८ सह्या एका दुपारी व्हायला हव्यात की नाही? नाही होत. को-स्पॉन्सर होणं म्हणजे कोपराला गूळ, फुकटचं काम, मतदारसंघात सांगायला बरं. पिटीशनवरची सही म्हणजे स्वतःच्या पार्टीच्या लीडरशिपला अंगावर घेणं, आणि नावं सगळ्यांना बघता येतात. आमचं काम एवढंच की दारोदार जाऊन विचारायचं, सही केली का.

बुधवारी सकाळी लाँगवर्थ बिल्डिंगच्या सिक्युरिटीच्या लाइनीत उभे. पिस्तूल घरी ठेवून आलेलो, कमरेला इतक्या वर्षांची सवय, सारखा हात तिकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. दुपारपर्यंत सहा ऑफिसं झाली. ज्यांना मनात धरून भाषण पाठ केलेलं ते काँग्रेसमन काही भेटत नाहीत, भेटतो त्यांचा पंचविशीतला स्टाफर, कधी कधी आत जागा नाही म्हणून कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या. पहिल्या दोन ठिकाणी मला राग आला, नंतर ट्रेझरर म्हणाला अरे साहेबांना कागद हीच पोरं वाचून दाखवतात, यांनाच पटव. ते खरं होतं.

चौथ्या ऑफिसातल्या मुलीने मात्र मला गप्प केलं. ती शांतपणे म्हणाली, सोशल सिक्युरिटीचा फॉर्म्युला कमी कमावणाऱ्याला जास्त टक्क्याने देतो, तुम्ही दहाच वर्षं भरलीत म्हणून कागदावर तुम्ही गरीब दिसता, पण तुम्ही गरीब नाही, बाकीची वर्षं दुसऱ्या फंडात आहेत, मग गरिबासाठी ठेवलेला जास्तीचा टक्का तुम्ही का घ्यायचा? आणि खर्च दहा वर्षांत १९६ अब्ज डॉलर, तो फंड असाही २०३३ ला आटणार. आता याला काय बोलणार, अर्धी गोष्ट तिची बरोबरच होती. मी म्हणलं कात्री असू दे, पण मोजून मारा, आयुष्यभराच्या कमाईतला कोणाचा किती भाग कुठल्या फंडात गेला ते न बघता ठरावीक सूत्र लावलंय. तिने लिहून घेतलं. दिवसभरातली सगळ्यात चांगली मीटिंग हीच, आणि तिच्या साहेबांनी सही केली नाही.

सहाव्या ठिकाणी प्रत्यक्ष साहेब भेटले. राज्य सांगत नाही. कॉरिडॉरमध्येच, हसतमुख, सार्जंटचा हात दोन्ही हातांत धरून, "तुमच्या सेवेबद्दल आभार, मी या बिलाचा को-स्पॉन्सर आहे बरं का." फोटोवाला तयारच. फोटो झाला. सार्जंटने विचारलं, "आणि पिटीशन?" साहेब म्हणाले लीडरशिपशी बोलणं चालू आहे, योग्य मार्गाने व्हायला हवं. तेवढ्यात मतदानाची घंटा वाजली, भिंतीवरच्या घड्याळातले दिवे लागले, आणि साहेब सॉरी सॉरी करत निघाले. सार्जंट पिशवी उंच करून मागून ओरडला, "तिकडेच चाललायत ना? पिटीशनचा कागद तिथेच टेबलावर असतो! पेन देऊ का?"

कॉरिडॉरमधली पोरं हसली. साहेबांनी वळून हात हलवला, आमदार मिरवणुकीत हलवतात ना, अगदी तस्सा.

रात्री हॉटेलवरून अण्णांना फोन केला. तिकडे गुरुवारची सकाळ. चुलतभाऊ पोलिसात आहे, तो विसर्जनाचा बंदोबस्त संपवून आला होता आणि बूट न काढताच झोपला होता म्हणे. मी दिवसभराचं सांगितलं. अण्णांचा पहिला प्रश्न, "आत सोडलं तुम्हाला?"

मला एकदम कळेना काय म्हणतायत. मग म्हणाले, "युनियनचे म्हणून सांगितलंत, आणि सोडलं?"

त्यांच्या प्रश्नामागे जुनी गोष्ट होती, मी आठ वर्षांचा होतो तेव्हाची. आम्ही नायगावच्या पोलीस लाइनीत. पगार, घरं, ड्यूटीचे तास यांच्यासाठी मुंबईच्या पोलिसांची संघटना होती, त्यावर्षी १५ ऑगस्टला काळ्या फिती लावल्या, आणि १८ ऑगस्ट १९८२ च्या पहाटे पुढाऱ्यांना उचललं, मान्यता काढली. मग वरळी, नायगाव पेटलं, गिरणी संपवाले पण रस्त्यावर आले, लष्कर बोलवावं लागलं. मला फक्त एवढं आठवतं की आईने खिडकीला चादर लावली होती आणि अण्णा घरात असूनही कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. १९६६ चा कायदा आहे, सरकारच्या परवानगीशिवाय पोलिसाला युनियनमध्ये जाता येत नाही. चुलतभावाला आजही ती सोय नाही. ओहायोत आम्हाला पण संप करता येत नाही, पण दार वाजवता येतं.

"बुधवारच होता तो," अण्णा म्हणाले. इकडे आज पण बुधवार. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मग सही केली का त्याने?"

दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, परत येताना ब्रीझवुडला पेट्रोल भरत होतो तेव्हा ट्रेझररचा फोन वाजला, २१८ झाल्या. सार्जंटने पंपावरच हॉर्न दाबून धरला, लोक बघायला लागले. मी लगेच यादी उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. आमचे फोटोवाले साहेब त्यात नव्हते.

पुढे ५ नोव्हेंबरला, म्हणजे निवडणुकीच्या दिवशी, सभागृह रिकामं असताना दोघा सदस्यांनी बिल गुपचूप टेबल केलं, म्हणजे इथल्या भाषेत बाजूला सारून टाकलं, आम्हाला वाटलं संपलं, पण १२ तारखेला ते तरीही मतदानाला आलंच, दोन तृतीयांश मतं हवी होती, झाली ३२७ विरुद्ध ७५. साहेबांनी बाजूने मत दिलं! सिनेटमध्ये आमच्याच ओहायोचे शेरॉड ब्राउन आणि मेनच्या सुझन कॉलिन्स यांनी लावून धरलं होतं, ब्राउन तर नोव्हेंबरमध्ये स्वतःची सीट हरून बसलेले, तरी २१ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर ७६-२० ने पास. ५ जानेवारी २०२५ ला बायडन यांची सही. त्या सहीबद्दल अण्णांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "हा कोण, तोच का?" म्हणलं नाही अण्णा, हा प्रेसिडेंट.

सार्जंटला मार्चमध्ये जानेवारी २०२४ पासूनची थकबाकी एकरकमी मिळाली, सहा हजारांच्या आसपास. त्याच सुमारास साहेबांच्या ऑफिसकडून एक ईमेल आली, त्यात कॉरिडॉरमधला फोटो, साहेबांचे दोन्ही हात, सार्जंटची प्लास्टिकची पिशवी, आणि खाली आपल्या पोलिसांसाठी दिलेल्या लढ्याला यश वगैरे. सार्जंटने तो रंगीत प्रिंट काढून लॉजच्या फ्रिजवर लावलाय, साहेबांच्या कोटाच्या खिशाला सेलोटेपने एक खरं पेन चिकटवून.