नाव कोणाचं, ते आधी विचारा

मी आयर्लंडमध्ये, गॉलवेतल्या एका पाळणाघरात काम करते हे नात्यागोत्यात कळल्यापासून एक प्रश्न मला हमखास येतो. कुणाच्या सुनेला दिवस गेलेले असतात, कुणाकडे बारसं तोंडावर आलेलं असतं. "तिकडचं एखादं गेलिक नाव सुचव ना मुलीसाठी. चारचौघींत नसेल असं. आणि अर्थ छान हवा हं!" गेलिक म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या भाषांतलं. फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सुरुवात कियारापासून करू, कारण ते नाव आता आपल्याकडेही रुळलंय. आयर्लंडमध्ये त्याच्या जवळचं नाव आहे कीरा. 'किअर' म्हणजे काळा, गडद. काळ्याभोर केसांची ती कीरा. सातव्या शतकात टिपेररी भागात या नावाची एक संत होऊन गेली. इटालियन कियारा वेगळी, तिचा अर्थ उजळ, स्वच्छ. इंटरनेटवरच्या याद्यांत दोघींची सरमिसळ होते आणि एकाच नावापुढे 'सावळी' आणि 'तेजस्वी' असं दोन्ही छापलेलं दिसतं. 'काळी' म्हटल्यावर काही जणी बिचकतात. आपण श्यामला, कृष्णा ही नावं इतकी वर्षं कौतुकानं ठेवत आलो, मग कीराला का बिचकायचं?

म्हणूनच मला वाटतं, अर्थ नंतर विचारा. हे नाव आधी कोणाचं होतं ते विचारा. ईफा घ्या. यादीत लिहिलेलं असतं 'सौंदर्य, कांती'. पण इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलेल्या लिर राजाच्या मुलांच्या गोष्टीत ईफा ही सावत्र आई आहे. मत्सरापोटी ती चार भावंडांना हंस करून टाकते, तेही ९०० वर्षांसाठी. ३०० वर्षं डेरावारा तलावावर, ३०० आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या बोचऱ्या समुद्रात, ३०० पश्चिमेच्या किनाऱ्यावर. तरी ईफा हे नाव घरोघरी आहे. आपण कैकेयी ठेवत नाही; इथे मात्र त्या नावाच्या इतरही बायका लोकांच्या लक्षात राहिल्या: पुराणातला वीर कुहुलिन याच्याशी दोन हात करणारी योद्धी ईफा आणि ११७० साली वॉटरफर्डला नॉर्मन (मूळचे फ्रान्समधले, इंग्लंड जिंकून पुढे इथे आलेले) सरदार स्ट्राँगबोशी जिचं लग्न झालं ती लेन्स्टरची राजकन्या ईफा.

त्याच गोष्टीतली थोरली बहीण फिनूला. अर्थ 'शुभ्र खांद्यांची'. यादीत वाचताना मनाला फारसं काही होत नाही. पण त्या गोठवणाऱ्या समुद्रात ती दोन भावांना दोन पंखांखाली घेते आणि तिसऱ्याला छातीच्या पिसांत. एवढं कळलं की ते खांदे कसले, हे वेगळं सांगावं लागत नाही. पाळणाघरात ही गोष्ट सांगताना मुलं दर वेळी तिथे गप्प होतात आणि माझाही आवाज जड होतो.

डिअर्ड्राचं तर याहून टोकाचं. याद्या अर्थ देतात 'दुःखिनी'. तो अर्थ कथेतून नावाला चिकटलाय. शब्दाचं मूळ अभ्यासकांनाही नक्की लागलेलं नाही. ही मुलगी देशात रक्तपात घडवेल असं भाकीत तिच्या जन्माच्या वेळी झालं, राजानं तिला स्वतःसाठी राखून वाढवलं, ती आपल्या आवडत्या माणसाबरोबर स्कॉटलंडला पळाली आणि दगाफटक्यानं त्याला मारलं गेलं. आयर्लंडमध्ये डिअर्ड्रा नावाच्या कितीतरी बायका आहेत. अपशकुन म्हणून कुणी ते नाव टाकलं नाही.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते ब्रीद. आधी देवी, मग किलडेअरची संत. १ फेब्रुवारीला तिचा सण, वसंताची सुरुवात. २०२३ पासून त्यासाठी सरकारी सुट्टीही आहे. त्या सुमारास आम्ही पाळणाघरात लव्हाळ्याचे क्रॉस करतो. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यात अडकवायची, पाव फेरी वळवायचं, पुन्हा एक दुमडून अडकवायची. हळूहळू मध्ये चौकट विणली जाते, चार हात फुटतात, टोकं दोऱ्यानं बांधायची आणि क्रॉस दारावर लावायचा. लव्हाळं ओलं असतं, मुलांच्या बाह्या भिजतात. नावाचा अर्थ 'उच्च, थोर'. संस्कृतातला बृहती त्याच मुळाचा.

या नावानं सोसलंयही फार. एकोणिसाव्या शतकात इथल्या हजारो मुली अमेरिकेत घरकामाला गेल्या आणि त्यांच्यात ब्रिजेट, म्हणजे इंग्रजीतली ब्रीद, इतक्या होत्या की ते नाव मोलकरणीला हिणवायला वापरलं जाऊ लागलं. मग आयांनी मुलींना ते ठेवणं कमी केलं. इकडे १८६४ पासून जन्मनोंदणी सुरू झाली ती इंग्रजीत. घरातली सरहा कागदावर सारा झाली. कॉर्कमधल्या बाल्या वूर्न्याची संत गबनेत मधमाश्यांची रक्षणकर्ती. तिच्या नावाच्या मुली कागदावर ॲबिगेल नाहीतर डेबोरा झाल्या. डेबोरा म्हणजे हिब्रूत मधमाशी, एवढाच काय तो दिलासा. म्हणून आज एखादी आई तान्हीचं नाव गबनेत सांगते तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

वाचनाचं म्हणाल तर आमच्या दाराशी कोट अडकवायच्या खुंट्या आहेत, प्रत्येकीवर नाव. आपण मराठी माणसं रोमन 'बीएच' दिसला की भ वाचतो आणि 'एमएच' दिसला की म्ह. इथे दोन्हींचा उच्चार बहुधा व. त्यामुळे नियाम्ह वाटणारी मुलगी नीव असते, सिओभान ही शिवॉन. तो 'एच' म्हणजे पूर्वी अक्षरावर द्यायचा टिंब. विसाव्या शतकात छपाई साध्या रोमन टायपात आली आणि टिंबाच्या जागी एच बसला. देवनागरीत ही नावं ऐकू येतात तशी लिहिता येतात, याचा मला अभिमान वाटतो.

बाकी थोडक्यात. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य. विसाव्या शतकात देश स्वतंत्र होण्याच्या काळातलं नाव, पुराणात सापडणार नाही. फिआ म्हणजे हरीण, रानातलं. २०२१ मध्ये आयर्लंडमधल्या मुलींच्या नावांत ते पहिलं होतं. शिवॉन आणि शिनेड नॉर्मन लोकांबरोबर आली, दोन्ही जॉनचीच स्त्रीरूपं. आणि नुसतं गेलिक म्हटलं की इथले लोक स्कॉटलंडची भाषा समजतात, स्वतःच्या भाषेला आयरिश म्हणतात. स्कॉटलंडचं मला आवडतं ते वारी. मूळ नाव मारी. हाक मारताना म चा व होतो आणि ती हाकच नाव होऊन बसली. पंढरीच्या वाटेवरच्या घरात हे नाव किती शोभेल!

तर माझं उत्तर: फिनूला ठेवा, घरात नुआला म्हणा. तेही इथलंच लघुरूप आहे आणि आजीआजोबांच्या तोंडी सहज बसेल. फक्त जन्मदाखल्यावर आयरिश स्पेलिंग ठेवलंत तर शाळेत पहिल्या दिवशी बाईंना उच्चार सांगून या.