ठेल्यावरची वही: दोन नोंदी अर्धवट, एक आजीपाशी अडकली

राजेहो, पानठेल्यावर ऐकलेल्या गोष्टी तपासून लिहायची माझी वही चालू आहे. खरं, खोटं आणि अर्धवट असे तीन रकाने पाडलेत, पण अर्धवटवालाच भराभर भरतोय.

संत्र्याचं भांडण दिवाळीपासून पेटलं होतं. आमचा वरुडकडचा पट्टा, इथं संत्र्याबद्दल वाकडं बोललं की माणसं अंगावर येतात. मी एवढंच म्हटलं की इंग्रजीत ज्याला स्वीट ऑरेंज म्हणतात ती आपली मोसंबी, संत्रा नाही. झालं! बगीचावाले काकाजी उठलेच, "काऊन बे, आमाले संत्रा शिकवतं का?" मग पानठेल्यावरच दोन्ही फळं फोडली. संत्र्याची साल बोटानंच सुटली, फोडी मोकळ्या झाल्या, मधात पोकळी. मोसंबीला चाकू लागला आणि साल गराला चिकटूनच. नागपुरी संत्रा म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा, मँडरिनच्या खानदानातला, आणि मोसंबी सिट्रस सायनेन्सिस, जी मँडरिन अन पपनस यांच्या संकरातून आलेली, म्हणजे मोसंबीच्या घराण्यात मँडरिन आजोबा लागतो. आजोबा म्हटल्यावर काकाजी एकदम खूश, वर त्यांनीच सांगितलं की कलमाचा डोळा जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधतात, म्हणजे जमिनीतलं मूळ तिसऱ्याचंच! तरी नोंद अर्धवटमध्येच गेली, कारण जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) 'नागपूर ऑरेंज' याच नावानं आहे, तिथं मी काय बोलणार.

नागपूरचा झिरो माईलचा दगड पण अर्धवट. "तिथूनच अख्ख्या भारताचं अंतर मोजत, तो देशाचा मध्य" हे आपण शाळेपासून ऐकतो. मागे नागपूरला गेलो तेव्हा तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांसोबत फोटो न काढता दगड वाचत बसलो. 1907 चा स्टँडर्ड बेंच मार्क आहे, आणि सर्व्हेच्या भाषेत बेंच मार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण, मध्यबिंदू नव्हे. बाजूच्या खांबावर मात्र चांदा (चंद्रपूर), रायपूर, जबलपूर अशी गावांची अंतरं आहेत, त्यामुळे माईलवाल्यांना पूर्ण खोटं पण पाडता येत नाही.

धामण गाईच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते, हे मी सरळ खोटंमध्ये टाकलं. सापाला ओढून प्यायला ओठच नाहीत, दात मागं वळलेले, ते सडात रुतले तर गाय उभी राहील का? धामण बिनविषारी, उंदीर खाते, तरी आपल्याकडे दिसली की आधी काठी निघते. परवा आमच्याच कुटारातून निघाली, पोरांना कसंबसं अडवलं, ती धुऱ्याधुऱ्यानं पळाली. आजी म्हणाली, "पाहजो, आज गाय आटन." संध्याकाळी मुद्दाम माप घेऊन बसलो, दीड लिटर, रोजच्याइतकंच.

आजी म्हणे, "आज तिले भूक नसन."