मत नाही टाकलं तर २० डॉलर

मेलबर्नला राहून ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं की एक गोष्ट आपोआप गळ्यात पडते जी आमच्या अमळनेरच्या माणसाला पचायची नाही, इथं मतदान सक्तीचं आहे. फेडरल (म्हणजे देशाच्या संसदेच्या) इलेक्शनला गेला नाहीत तर घरी पत्र येतं, कारण कळवा नाहीतर २० डॉलर भरा.

आप्पांना (माझे काका, कापूस आणि राजकारण दोन्हीत मुरलेले) व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर उखडलेच. "मन्हं मत, मन्ही मर्जी, सरकारनं काय जास भो?" त्यांचं म्हणणं असं की ज्याला कोणीच पसंत नाही त्याला दटावून रांगेत उभं करायचं ही कसली लोकशाही, घरी बसणं हे पण एक उत्तरच आहे ना. मुद्दा बिनतोड आहे, वाद घालायला बसलं तर आप्पा जिंकतात.

पण ३ मे २०२५ ला मत टाकून आलो तेव्हा डोक्यात वेगळंच सुरू झालं. शनिवार होता, मतदान नेहमी शनिवारीच. जवळच्या शाळेत केंद्र, टेबलावरच्या बाईंनी नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि या इलेक्शनला आधी कुठे मत दिलंय का एवढं विचारलं, बास. आयडी नाही, बोटाला शाई नाही. हिरव्या कागदावर सगळ्या उमेदवारांना १, २, ३ असे नंबर द्यायचे, तेही पेन्सिलने, आणि सिनेटचा (संसदेच्या वरच्या सभागृहाचा) पांढरा कागद इतका लांब की पुठ्ठ्याच्या आडोशात मावेना. बाहेर पालक मंडळी शाळेच्या फंडासाठी सॉसेज भाजत होती, आम्ही माळकरी घरातले त्यामुळे नुसता ब्रेड-कांदा खाऊन आलो. आडोशाच्या आत तुम्ही काय लिहिता ते कोणी बघत नाही, कोरा कागद पेटीत टाकला तरी कोणाला कळणार नाही, म्हणजे आप्पांचं "कोणीच नको" तिथंही शाबूत.

१९२२ साली इथं ६० टक्के पण मतदान झालं नव्हतं, १९२४ ला कायदा आला आणि १९२५ ला ते एकदम ९१ टक्क्यांच्या वर गेलं. दंडाच्या धाकाने गेले लोक, ते खरंच. पण सक्ती करायची म्हटल्यावर सरकारही अडकतं, तुम्ही केंद्रावर पोचाल याची सोय त्यालाच करावी लागते. आधी जाऊन मत टाकता येतं, पोस्टाने टाकता येतं, आपल्या राज्यात असाल तिथल्या केंद्रावर टाकता येतं.

आणि आपल्याकडे? जळगाव-रावेरचं लोकसभेचं मतदान १३ मे २०२४, सोमवार, त्यात मे महिन्यातलं जळगावचं ऊन. माझा चुलतभाऊ पुण्यात नोकरीला, नाव अजून अमळनेरच्या यादीत, तो एका मतासाठी एवढ्या लांब येईल का हो? त्याच दिवशी नंदुरबारमध्ये मात्र ७० टक्क्यांच्या वर मतदान झालं, कसली सक्ती नाही काही नाही, मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावात तर मतदान पथकच बोटीने जातं.

त्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर स्टेशनचा अर्धा भाग गुजरातेत आहे, तिकडे हा प्रयोग करून झालाय. २००९ ला स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचं विधेयक आणलं, राज्यपालांची सही २०१४ ला झाली आणि २०१५ ला हायकोर्टाने स्थगिती दिली.

बाकी इथल्या सगळ्याच सक्त्या मला पटतात असं समजू नका. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, १९९० पासून साध्या सायकलवर पण हेल्मेट लागतं आणि दंड २०० डॉलरच्या वर, म्हणजे मत बुडवण्यापेक्षा बागेतून उघड्या डोक्याने सायकल मारणं दहापट महाग! २०१० ला शहरात भाड्याच्या निळ्या सायकली आणल्या, पण वाटेत सायकल उचलणारा हेल्मेट कुठून आणणार, मग सायकलींनाच हेल्मेट लटकवली, तरी ती स्कीम २०१९ ला बंद पडली. मोटारसायकलचं वेगळं, तिथं हेल्मेट पाहिजेच, आणि हे आप्पांनाही लागू आहे जे धुळे रोडला बुलेटवर टोपी घालून फिरतात.

मतदानाच्या सक्तीबद्दल माझा हट्ट एवढाच की आधी सुरतला कामाला गेलेल्या शहादा-तळोद्याच्या पोरांना तिथंच मत टाकता येऊ द्या, दंडाचं मग बोलू. आप्पा म्हणतात सोय केली तरी दंड नकोच. पुढच्या रविवारी परत कॉल आहे.