सोलापुरात काचेची उंच इमारत बांधताय?

पश्चिमेच्या भिंतीकडे आधी बघा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य सोलापुरात थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. ते ऊन छतावर पडतं. ऑफिसची खरी भट्टी होते ती चारनंतर.

पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम 24 अंशांवर येतो. दोन फुटी छज्जा तेव्हा 11 इंच सावली देतो. चार फुटी खिडकीची खालची तीन फूट काच उन्हातच, आणि टेबलं नेमकी तिथेच! खिडकीबाहेर ऊन अडवायला लावलेल्या सरळ उभ्या पट्ट्याही फसतात, कारण ऊन जवळपास समोरून येतं. त्या तिरप्या वळवाव्या लागतात. आतले पडदे उजेड अडवतात, पण उष्णता तोवर काचेच्या आत आलेली असते आणि एसी ती उपसत बसतो.

त्यापेक्षा जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं पश्चिमेला टाका आणि इमारतीच्या लांब भिंतींची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा. दक्षिणेला छज्जा मनापासून काम करतो: डिसेंबरातही भर दुपारी सूर्य 49 अंशांवर असतो. उत्तरेला मोठ्या खिडक्या खुशाल घ्या. जूनमध्ये थोडं ऊन तिकडूनही येतं, पण फूट-दीड फूट छज्जा त्यातलं बरंचसं अडवतो.